मिलानला निघण्याआधी वही हलशीला उघड

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायला नको. तू खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.आर्क. झालीस आणि सप्टेंबरात मास्टर्ससाठी मिलानला निघालीस. दोन वर्षांतल्या सुट्ट्यांमध्ये बारा देश हिंडायचे आणि प्रत्येक गावात जलरंगात स्केच करायचं, अशी यादी तयार आहे. पण तुझा हात सावकाश चालतो, एका चित्राला तीन-तीन तास लागतात. म्हणून तू विचारलंयस की अर्ध्या तासात स्केच पुरं कसं करायचं, रंग कुठले घ्यायचे, आणि खिशात फोन असताना या सगळ्याला अर्थ आहे का. वडिलांचं म्हणणं असं की फी भरून पाठवतोय ती आर्किटेक्चर शिकायला, चित्रं काढायला नव्हे. वयानं तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करतो.

रंगांचं आणि वेगाचं सांगतोच, पण मला अडचण दुसरीकडे दिसते. स्केच कशासाठी काढायचं हे तू अजून ठरवलेलं नाहीस, आणि म्हणून ते पुरं कधी झालं हेही तुला कळत नाही. देखणं पान हवं असेल तर तीन तासही अपुरे पडतात. त्या इमारतीबद्दल एखादी गोष्ट जाणून घ्यायची असेल, तर ती कळली की पान संपलं, मग वीस मिनिटं लागोत की दोन तास. माझ्याकडे स्टुडिओला येणाऱ्या मुलांचा हात सावकाश असण्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. हाताला सराव असतो, पण काय शोधायचं ते ठरलेलं नसतं.

यातल्या काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगून ठेवतो. इटलीतल्या विद्यापीठांत परीक्षांचे मोसम साधारण जानेवारी-फेब्रुवारी आणि जून-जुलैमध्ये येतात, आणि त्याआधीचे आठवडे स्टुडिओ तुला बाहेर पडू देणार नाही. शिष्यवृत्ती आहे की कर्ज, यावर प्रवास ठरेल. थंडी तुला किती सोसते हे तिथे गेल्यावरच कळेल. तेव्हा 'दर आठवड्याला एक गाव' असा नेम मी तुला घालून देणार नाही. मी बेळगावात काम करतो, शिकलो इटलीत, आणि तिथे भरलेल्या वह्या आजही टेबलाशेजारच्या फळीवर आहेत. त्यातली कुठली पानं पुन्हा उघडली जातात आणि कुठली नाहीत, त्या अनुभवावरून पुढचं लिहितोय.

फोनचा मुद्दा सोपा आहे, तो आधी घेऊ. तुझ्याच तालुक्यातल्या हलशीला जा. कदंबांच्या काळातली ही पलाशिका. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ तू लहानपणापासून पाहिलं असशील. त्यात दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांकडे तोंड करून आहेत. मधल्या मंडपात उभी राहून फोटो काढ. एक गाभारा चौकटीत आला की दुसरा तुझ्या पाठीमागे गेलेला असतो. कितीही फोटो काढलेस तरी गाभारे समोरासमोर आहेत ही गोष्ट एका फोटोत येत नाही, आणि त्या देवळाचा सगळा विचार तर त्यातच आहे. आता वहीत बोटभर लांबीचा प्लॅन, म्हणजे वरून पाहिल्यासारखा आराखडा, काढ. दोन चौकोन, मध्ये मंडप, खांबांचे ठिपके, माणूस आत कुठून येतो त्याचा बाण. दहा मिनिटांचं काम, पण ते करताना पुढचे प्रश्न आपोआप येतात. आत आलेला माणूस आधी कुणाकडे वळतो? उजेड कुठल्या बाजूनं येतो? मंडपाचा मधला भाग कुठल्या गाभाऱ्याच्या मालकीचा म्हणायचा? फोटो काढताना यातलं काहीच मनात आलं नव्हतं. फोन टाकून दे असं मी म्हणत नाही. कोरीव काम, कळसाची नक्षी, माहितीफलकावरचा मजकूर यांसाठी फोनच बरा. फक्त तो शेवटी काढ. आधी फोटो काढला की आपलं काम झालं असं मनाला वाटतं आणि पाय पुढच्या जागेकडे निघतात.

आता पान कसं मांडायचं ते. इमारतीपाशी पोचलीस की लगेच वही उघडू नकोस. बाहेरून एक पूर्ण चक्कर मार, शक्य असेल तर आतूनही. फिरताना एकच प्रश्न मनात धर. पावसाचं पाणी कुठून उतरतं? भिंतीची जाडी कुठे दिसते? जिना कुठे आहे, आणि तो तिथेच का? मग डाव्या पानावर प्लॅन, त्याच्या खाली सेक्शन (इमारत उभी कापली तर आतलं जसं दिसेल तो छेद), बाजूला मापं. उजव्या पानावर एकच दृश्य, आणि रंग लावायचा असेल तर तो तिथे. कोपऱ्यात तारीख, वेळ, हवा आणि उत्तर दिशेचा बाण. वेळ आणि दिशा नसेल तर रंगवलेली सावली नुसती शोभेची राहते. त्या दोन नोंदी असल्या की वर्षभरानंतरही त्या पानावरून सूर्य कुठे होता ते काढता येतं. टिपणं ज्या भाषेत तुझा विचार चालतो त्या भाषेत लिही. हे पान परीक्षकांसाठी नाही.

सेक्शन काढायला मुलं बिचकतात, कारण आतलं दिसत नाही. पण बरंच काही दिसत असतं. खिडकीच्या बाजूची जाडी दिसते, जोत्याच्या पायऱ्या मोजता येतात, आतला मजला बाहेरच्या ओळीशी कुठे जुळतो ते खिडक्यांवरून कळतं. उरलेलं तुटक रेषेनं काढ आणि शेजारी प्रश्नचिन्ह घाल. अशा प्रश्नचिन्हांमुळेच माणूस त्या इमारतीकडे पुन्हा जातो.

मापांसाठी टेप लागत नाही, अंगावरची मापं पुरतात. निघण्याआधी एखाद्या मैदानावर तीस मीटरचा टेप अंथर, नेहमीच्या चालीनं चाल आणि पावलं मोज. भागाकार केलास की तुझं पाऊल केवढं ते कळलं. वीत, हात, जमिनीपासून डोळ्यांची उंची हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पायरीची उंची एकदा वितीनं घे आणि पायऱ्यांच्या संख्येनं गुण. विटांची भिंत असेल तर हाताला येणारे दहा थर मोज आणि मग नजरेनं थर मोजत वर जा. पेन्सिल दोन बोटांत सैल लोंबती धरली की ओळंबा झाला, भिंत झुकलीय का ते लगेच कळतं. आपले जुने गवंडी असंच काम करायचे. ही मापं थोडी चुकतील. पण खांबांमधलं अंतर त्यांच्या उंचीएवढं आहे की दीडपट, हे कळायला तेवढी अचूकता पुष्कळ झाली. फ्लॉरेन्सला गेलीस तर ब्रुनेलेस्की या आर्किटेक्टनं बांधलेल्या अनाथाश्रमाची ओसरी अशीच मोजून पाहा. १४१९ साली बांधायला घेतलेली ती ओसरी. खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि ओसरीची खोली ही तिन्ही मापं तिथे सारखी ठेवली आहेत, म्हणजे प्रत्येक खण, खांबांमधला एकेक भाग, एक घन आहे. ती पाहणाऱ्याला शांत वाटतं. का वाटतं, ते मोजल्यावर उमगतं.

यापुढचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हिचेन्झा गावात सोळाव्या शतकातल्या पल्लाडिओ या आर्किटेक्टची बॅसिलिका आहे. मूळचं सभागृह जुनं होतं. १५४९ पासून त्याच्याभोवती दोन मजली दगडी कमानींची ओसरी उभी राहिली. चौकातून पाहिलं की सगळ्या कमानी एकसारख्या दिसतात आणि फोटोतही तसंच दिसतं. तू समोर उभी राहून हात सरळ ताणून पेन्सिलीनं एकेक खण मोजायला लाग. मधल्या कमानी सगळ्या एका मापाच्या निघतील. कमानीच्या दोन्ही बाजूंना ज्या उभ्या चौकोनी फटी आहेत, त्यांची रुंदी मात्र बदलते. कोपऱ्याच्या खणात त्या चांगल्याच अरुंद आहेत. आतल्या जुन्या इमारतीचे खण सारखे नव्हते, त्या असमानतेला जागा देण्यासाठी पल्लाडिओनं ही युक्ती योजली. डोळा कमानीकडे जातो, कमान सारखी दिसते, आणि फरक बाजूच्या फटींमध्ये जिरतो.

इकडे परतल्यावर एका जुन्या घराच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. सोप्याचे लाकडी खांब निरनिराळ्या काळात बदललेले, त्यामुळे एकही खण दुसऱ्यासारखा नाही. घरमालकांना पुढे खिडक्यांची नवी रांग हवी होती. सगळे खांब हलवून खण सारखे करायचे म्हणजे वरच्या तुळया आणि कौलांचा अख्खा सांगाडा उतरवावा लागला असता. मी खिडक्या एकाच मापाच्या ठेवल्या आणि प्रत्येक खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी जाळीच्या उभ्या पट्ट्या दिल्या, खणाप्रमाणे कमी-जास्त रुंदीच्या. रस्त्यावरून ती रांग आज नीट, सलग दिसते. ही कल्पना त्या व्हिचेन्झाच्या पानातून आली. ते पान दिसायला साधं आहे, त्यात रंगाचा ठिपकासुद्धा नाही. तिथेच शेजारच्या पानावर चौकाचं मोठ्या हौसेनं केलेलं जलरंगातलं दृश्य आहे, पण कामाच्या वेळी ते मला कधी उघडावं लागलेलं नाही.

म्हणून बारा देशांच्या यादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती फाड. मिलानहून व्हेनिसकडे जाणारा एकच रेल्वेमार्ग घे. त्यावर ब्रेशिया, व्हेरोना, व्हिचेन्झा, पादुआ ही गावं ओळीनं येतात. व्हेरोनाला कार्लो स्कार्पा या आर्किटेक्टनं संग्रहालयात रूपांतर केलेला कास्तेलवेक्यो किल्ला आहे. जुन्या दगडाला नवं काँक्रीट आणि पोलाद कुठे भिडतं आणि कुठे मुद्दाम वेगळं राहतं, हे पाहायला तिथे एक दिवस पुरत नाही. साध्या प्रादेशिक गाडीनं गेलीस तर तिकिटाचा दर अंतरावर ठरलेला असतो, आधी आरक्षण लागत नाही, आणि हवा बिघडली तर बेत बदलता येतो. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, ते विसरू नकोस. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात. गर्दी होते, पण एकाच ठिकाणी पुन्हा जायचं असेल तर पैसे वाचतात. एकाच इमारतीकडे ऑक्टोबरात, जानेवारीत आणि मेमध्ये जाणं हे तीन नव्या शहरांपेक्षा जास्त शिकवतं.

आणि बोलोन्या पाहाच. आपल्याकडच्या माणसानं तर नक्की पाहावं असं ते गाव आहे. तिथल्या रस्त्यांच्या कडेनं कमानींच्या ओसऱ्या चालत राहतात. शहरभर मिळून त्या ६२ किलोमीटर भरतात, आणि २०२१ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा ठरवलं. जागा घरमालकाची, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. १२८८ च्या नियमानुसार ओसरीची उंची किमान सात बोलोन्या फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर ठेवावी लागे, घोड्यावर बसलेला माणूस खालून जावा म्हणून. पाऊस आला तरी तू कोरडी बसून काढू शकतेस. तिथे प्रत्येक ओसरीच्या तीन गोष्टी मोज: रुंदी, उंची, आणि रस्त्यापासून किती पायऱ्या वर. बेळगावच्या खडेबाजारात जुलैच्या पावसात छत्र्या एकमेकींत अडकतात, दुकानदार ताडपत्री बांधतात आणि गिऱ्हाईक पागोळ्यांखाली उभं राहतं, हे तू रोज पाहिलंयस. दोन माणसं छत्री मिटून शेजारून जाऊ शकतील एवढी ओसरी किती रुंद लागते, याचं उत्तर बोलोन्यात शेकडो मापांत मिळतं. शहापुरातल्या दुकानांच्या एका रांगेचं काम करताना मी आधी माझी ती पानंच उघडली होती.

आता रंग. जलरंगाचं मुख्य काम माझ्या दृष्टीनं उजेडाची नोंद ठेवणं हे आहे, आणि उजेडाच्या बाबतीत तुझ्या डोळ्यांना तिथे नवी सवय लावावी लागेल. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तरेला आहे. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो. त्यामुळे आपली इमारत सावलीनं वाचायची सवय वरून खाली आहे. वळचणीखाली गडद पट्टा, छज्ज्याखाली गडद पट्टा, आणि अंगणात पांढरं ऊन. मिलान ४५.५ अंशांवर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर येतो, त्याच दिवशी बेळगावात तो सुमारे ५१ अंशांवर असतो. अरुंद गल्लीत तर जमिनीला दिवसभर ऊन लागत नाही, वरच्या मजल्यांवर मात्र ते आडवं घासून जातं आणि दगडाचा प्रत्येक खरवडा दिसतो. दिवसही लहान, आठला उजाडतं आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे रंगाचं काम सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये उरकायचं. पो नदीच्या खोऱ्यात धुकं दाट पडतं. त्या दिवशी सावली मिळणारच नाही, तेव्हा रंगाची पेटी बंद ठेवून प्लॅन आणि सेक्शन काढ.

रंग लावताना आधी फक्त सावली लाव. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून राखाडी कर. निळा जरा जास्त ठेवलास की थंड राखाडी, तांबूस जास्त ठेवलास की ऊबदार. त्या एकाच राखाडीत सगळ्या सावल्या एका दमात घाल आणि थांब. कागद वाळल्यावर पाहा, नव्वद टक्के इमारत उभी राहिलेली असते. दगडाचा किंवा भिंतीचा रंग त्यावरून एका पातळ थरात येतो. बोलोन्याच्या भिंतींना यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, व्हेरोनाच्या गुलाबी दगडाला बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात आणि किंचित लाल. त्याच बर्न्ट सिएनात लाल वाढवलास की आपला जांभा दगड होतो. सहा रंगांपलीकडे जाऊ नकोस: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, एक लाल, एक स्वच्छ पिवळा. हिरवा मिसळून तयार कर. पेटीतला तयार हिरवा इमारतीशेजारी बहुधा कर्कश दिसतो.

सराव इथे कॅमलच्या ट्यूबांवर कर, मुळीच बिघडत नाही. कागदावर मात्र पैसे वाचवू नकोस. रंग साधा आणि कागद चांगला असला तर चित्र निभावतं, उलटं केलंस तर नाही. ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत, कागद घे, पातळ कागद पाणी लागताच वळतो. तो इथून वाहून नेण्याची गरज नाही. फाब्रियानो हे इटलीतलंच गाव आहे, तिथे तेराव्या शतकापासून कागद होतो, आणि त्या नावाचा कागद मिलानमध्ये सहज मिळतो. इथे पावसाळ्यात साठवलेल्या कागदाला ओल धरते, मग रंग त्यात डागासारखा फुटतो. तोही एक धोका टळेल.

वाळण्याचं गणित बेळगावकराला नवीन नाही. एप्रिलमध्ये आपला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, कुंचला परत बुडवेपर्यंत वाळलेला असतो, आणि जुलैमध्ये चहा पिऊन आलो तरी ओलाच. मिलानचा जानेवारी कागदासाठी आपल्या जुलैसारखा समज, वर बोटं गारठणारी थंडी. म्हणून आत्ताच्या पावसात सराव करतेयस ही चांगलीच गोष्ट आहे. ओल्या थरावर दुसरा थर घालायचा नाही, पान बाजूला ठेवून दुसऱ्या पानावर सेक्शन सुरू करायचा, ही सवय इथेच लावून घे.

बसायच्या जागेचंही सांगतो. थंडीत दगडावर थेट बसू नकोस, फोमचा तुकडा पिशवीत असू दे. काही ठिकाणी बसण्यावरच बंदी आहे. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसता येत नाही, दंड होतो. संग्रहालयात ओला रंग बहुतेक ठिकाणी चालत नाही, पेन्सिल चालते. दारावर विचारून घे. आणि वाटेत बसायचं नाही, भिंतीला पाठ लावून बसायचं. मागून कुणी डोकावत नाही आणि पिशवीही सुरक्षित राहते.

लोक बघतात म्हणून हात अडतो, असं तू शेवटी ओझरतं लिहिलंयस. माझ्या मते वेगाच्या तक्रारीत याचाही वाटा आहे. यावर उपाय म्हणजे लोकांतच काढणं. गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर वही घेऊन उभी राहा. पाच मिनिटांत कुणीतरी "काय काढायलीस गं?" म्हणून विचारेल, दुसरा आपलं दुकान दाखवून "हे पण घे की" म्हणेल. त्यांच्याशी बोलत बोलत रेषा चालू ठेवता आली की मिलानमध्ये तुला काहीच जड जाणार नाही. तिथे गर्दी जमत नाही. क्वचित एखादी म्हातारी बाई थांबते आणि त्या इमारतीत पूर्वी कोण राहायचं ते सांगते. ते ऐक आणि पानावर लिही.

वडिलांचा प्रश्न रास्त आहे, त्याला नुसतं 'छंद आहे' असं उत्तर देऊ नकोस. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान १९५०-५१ मध्ये रोमच्या अमेरिकन अकादमीत राहायला होता. पन्नाशीला आलेला माणूस. तिथून इटली, ग्रीस, इजिप्त फिरून त्यानं पेस्टलमध्ये सिएनाचा चौक, मंदिरं, पिरॅमिड काढले. त्या चित्रांत बारीक नक्षी जवळजवळ नाही, उजेड आणि सावलीचे मोठे आकार आहेत. ज्या इमारतींमुळे आपण त्याला ओळखतो त्या बहुतेक त्यानंतरच्या. अहमदाबादच्या आयआयएमच्या विटांच्या भिंती आणि त्यातल्या प्रचंड गोल कमानी पाहिल्या की त्या पानांतला उजेड कुठे पोचला ते दिसतं. आणि माझ्या ऑफिसापुरतं सांगायचं तर, नोकरीसाठी येणाऱ्या मुलांचे कॉम्प्युटरवरचे देखावे आता सगळ्यांचे सारखे असतात. मी त्यांची वही मागतो. मापं घातलेली, खाडाखोड केलेली चार पानं पाहिली की हा मुलगा साइटवर गेल्यावर काय बघेल याचा मला अंदाज येतो. वडिलांना दृश्यं दाखवू नकोस, ती पानं दाखव. घर बांधलेला माणूस पायरीची उंची आणि भिंतीची जाडी लगेच ओळखतो.

निघेपर्यंतचे दिवस थोडे आहेत, ते असे वापर. पावसात छपराखालच्या जागा घे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन देऊळ, १२०४ सालची. आत अंधार असतो, डोळे स्थिरावल्यावर खांबांचा गुळगुळीतपणा आणि छताचं कमळ हळूहळू वर येतं. तिथल्या पुजाऱ्यांना विचारून एका बाजूला बस आणि राखाडीच्या तीनच छटांत ते छत मांड. अंधाऱ्या चर्चमध्ये पेन्सिल घेऊन बसशील तेव्हा ही तयारी उपयोगी पडेल. मग स्वतःच्या घराचा सेक्शन काढ, सोप्यापासून परड्यापर्यंत, मंगलोरी कौलांचा उतार आणि वळचणीची उंची घालून. पहिल्या पानावर ते असलं की तिथल्या प्रत्येक ओसरीची तुलना करायला तुझ्या हाताशी घरचं माप राहील.

सामान भरताना कटर चेक-इन बॅगेत टाक, हातातल्या पिशवीत सापडला तर काढून घेतील. पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तो पोस्टातून जातो आणि रांग मोठी असते. खिशात मावेल अशी वही त्या दिवशी जवळ ठेव, आणि पोस्टाच्या त्या हॉलचा सेक्शन काढ.